आवळायचा राहिलेला नट

ही हकिकत लिहायची मी वर्षानुवर्षं टाळत आलो. घरात सगळ्यांना ठाऊक असलेलीच गोष्ट आहे, पुन्हा कशाला उगाळायची, असं मनाला सांगत असे. खरं कारण वेगळं आहे. घरात सगळ्यांना जी ठाऊक आहे ती गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचं माहीत असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

मागे सर्जापूर रोडवर भाच्याच्या घरी त्याच्या नातीचं बारसं होतं. जेवणं झाल्यावर त्यानं धाकट्या, नव्या सुनेला नेहमीचा किस्सा सांगितला. "आमच्या आईनं लग्नाआधी आजोबांची मोटारसायकल दुरुस्त केली. अशी दुरुस्त केली की आजोबा जन्मभर लंगडत चालले." सगळे हसले. सुनेला खरं वाटेना. तेव्हा भाचा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मामा होते ना तिथं. त्यांनाच विचार." मी मान हलवली. या वयातसुद्धा हलवली. घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो.

भाच्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. आमची घरं कित्येक पिढ्या बेंगळुरातली, त्यामुळे ताई हा शब्द आमच्या तोंडी नाही. मी तिला अक्का म्हणत असे आणि ती मला तम्मा.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणत असू. ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. माझ्या जन्माआधी कँटोन्मेंटमधला एक इंग्रज अधिकारी मायदेशी परत निघाला, त्याच्याकडून त्यांनी मोटारसायकल विकत घेतली होती. एका सिलिंडरची, जड, काळी गाडी, टाकीवर सोनेरी रेघा. लढाईच्या काळात पेट्रोलवर नियंत्रण आलं तेव्हा त्यांनी ती न्हाणीघरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली आणि वर ताडपत्री टाकली. लढाई संपली, नियंत्रण उठलं, पण ताडपत्री काही निघाली नाही. आई त्या ताडपत्रीवर गोवऱ्या ठेवायची. विकायचं नाव काढलं की अप्पा उठून बाहेर जायचे.

साठ सालानंतरची गोष्ट. शहराबाहेर सरकारी कारखाने उभे राहत होते आणि त्यांतल्या एकात बारीक जोडणीच्या कामावर मुलींना घेऊ लागले होते. अक्का इंटर होऊन घरी बसली होती. शिवणयंत्र, टेबलफॅन, घड्याळ, जे बंद पडेल ते ती उघडून बसायची. कारखान्यात जायचं तिनं मनात पक्कं केलं. अप्पांना ते मुळीच पसंत नव्हतं.

"कारखान्यात जाऊन करणार काय तू, पुट्टी?" ते म्हणाले. अक्का मोठी झाली तरी ते तिला पुट्टीच म्हणत.

"जे घरात करते तेच. फक्त पगार मिळेल."

"घरातला फॅन वेगळा."

"मग फॅन राहू दे. तुमची गाडी चालू करून दाखवली तर?"

अप्पा हसले. शेडकडे बघून पुन्हा हसले. "करून दाखव. केलीस तर मुलाखतीला मी स्वतः तुला त्याच गाडीवर मागे बसवून नेईन."

ते थट्टेत बोलले होते, पण आईच्या आणि काकांच्या समोर बोलले होते. अक्कानं त्याच संध्याकाळी गोवऱ्या उतरवल्या.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. अक्काच्या हाताखाली मीही राबलो. इंजिन गंजून जाम झालं होतं. प्लग काढून त्या भोकातून तिनं एरंडेल आणि रॉकेल ओतलं आणि रोज कॉलेजला जायच्या आधी मला किक दाबून बघायला लावायची. किक दगडासारखी. एका सकाळी ती पायाखाली बोटभर सरकली, तेव्हा अक्कानं मला बाजूला सारून स्वतः किकवर पाय ठेवून बघितला. टायर, साखळी, केबल असलं सामान जुन्या बाजारातून, म्हणजे गुजरीतून, थोडं थोडं जमवलं. सायलेन्सर सायकलच्या कॅरियरला बांधून यशवंतपूरला नेला आणि स्टेशनाबाहेरच्या वेल्डिंगवाल्याकडून ठिगळ लावून आणला. कार्ब्युरेटर अक्कानं परातीत उघडला. आईला तिची परात पुन्हा स्वयंपाकात घेता आली नाही, आणि हे तिनं पुढे बरीच वर्षं ऐकवलं.

टाकी माझ्याकडे होती. गंज घासणं, रंग देणं, सोनेरी रेघा ओढणं. दिसणारं काम मला आवडायचं. अक्का म्हणायची, "तम्मा, तू गाडीला पावडर लाव. मी तिचं पोट बघते."

नवरात्र सुरू व्हायच्या थोडं आधी गाडी सुरू झाली. धुराचा लोट न्हाणीघरावरून शेजारच्या अंगणात गेला. "धुणं वाळत घातलंय, बंद करा ते," आई आतून ओरडली. अप्पा दाढी करत होते, तसेच गालावर साबण घेऊन बाहेर आले. त्यांनी टाकीवरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आयुधपूजेला काढू."

आमच्याकडे आयुधपूजा खंडेनवमीला. अष्टमीच्या संध्याकाळी घरातली सगळी हत्यारं, म्हणजे पाने, हातोडी, विळी, कात्री, अप्पांचं मोजपट्टीचं सामानसुद्धा, धुऊनपुसून देवासमोर मांडायची. हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. आयुधांना तेवढी विश्रांती. पण वाहनांचं उलट. नवमीला वाहन धुऊन, हार घालून, चाकाखाली लिंबं ठेवून ती चिरडत एक फेरी मारायचीच. बेंगळुरात त्या दिवशी अजूनही असंच चालतं.

अष्टमीला दुपारी मागचं चाक बसवायचं तेवढं राहिलं होतं. ब्रेकचे शू अक्कानं नवे बसवले होते. ब्रेकची गोल थाळी चाकाबरोबर फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी तिला चौकटीशी धरून ठेवते. त्या पट्टीचा नट पान्यानं गच्च आवळायचा आणि बोल्टच्या टोकाच्या भोकातून पिन घालून तिचे पाय फाकवायचे, म्हणजे गाडी कितीही हादरली तरी नट सुटत नाही. अक्का ते करत असतानाच आईनं हाक मारली. नवरात्रात आमच्याकडे घरोघरी बाहुल्यांची आरास मांडतात, ती बघायला बायका आल्या होत्या.

अक्का हात पुसत उठली. "पट्टीचा नट नुसता हातानं फिरवून ठेवलाय. आवळ आणि पिन घाल. विसरशील?"

"सरी, सरी. करतो ना. जा तू."

"तुझं सरी मला माहीत आहे. पिन इथं डब्यात आहे. बघून ठेव."

ती गेली. टाकीवरच्या रेघेत एके ठिकाणी रंग ओघळला होता, तो मला सकाळपासून खुपत होता. आधी तेवढं नीट करू म्हणून मी ब्रश घेतला. मग दुसऱ्या बाजूची रेघ तिच्याशी जुळेना. मी त्यातच गुंतलो होतो तेव्हा आई टोपली घेऊन आली आणि खाली पडलेली सगळी हत्यारं गोळा करून घेऊन गेली. मी मानही वर केली नाही.

दिवेलागणीला हात धुताना नट आठवला. देवघरात गेलो तर पाने ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. आई निरांजन लावत होती. सांगितलं असतं तर ती फार तर दोन शब्द बोलली असती. अप्पांनी कदाचित स्वतः पाना काढून दिला असता आणि देवाची क्षमा मागितली असती. पण "एवढंसं काम दिलं तेही केलं नाहीस" हे मला पाहुण्यांसमोर ऐकायचं नव्हतं. मी शेडमध्ये गेलो, नट बोटांनी होईल तेवढा पिळला, आणि पिन घालायला गेलो. नट पुरता आत न बसल्यामुळे भोक त्याच्याखाली झाकलेलं होतं. पिन मी खिशात टाकली. उद्या गल्लीतली एक फेरी तर आहे, दसऱ्याला पाने निघाले की आवळून टाकू, असा हिशोब केला.

नवमीला सकाळी अंगणात सगळे जमले. अप्पांनी कोट चढवला होता. कोहळा फोडून झाला, लिंबं ठेवून झाली. काका म्हणाले, "दादा, पोरीनं बांधलेली गाडी आहे, नवस बोलून बस."

"इंजिनपासून ब्रेकपर्यंत सगळं पुट्टीनं बसवलंय," अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "परवाच्या दिवशी हिला मुलाखतीला घेऊन चाललोय. तुझ्या मुलाला विचार, साधं पंक्चर काढता येतं का."

लिंबं फुटली. गाडी गल्लीच्या टोकाला गेली आणि वळायच्या ऐवजी सरळ पुढे निघाली. इतक्या वर्षांनी हातात आलेली गाडी होती. अक्का फाटकावर चढून बघत होती. मी तिच्यामागे उभा होतो.

थोड्या वेळानं दूधवाला सायकल पळवत आला. तळ्याच्या उतारावर अप्पांनी ब्रेक दाबला होता आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं होतं. मांडीचं हाड मोडलं. पुढे ते जुळलं, पण आखूड जुळलं.

अप्पांना इस्पितळात पोचवून काकांनी गाडी हातगाडीवर घालून घरी आणली. हार अजून हँडलला होता. वाकून बघत ते म्हणाले, "पट्टी लोंबतेय. नटच नाही. कोणी लावला होता?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ती वाट बघत होती. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"मी लावला होता," ती म्हणाली.

"तरी मी म्हणत होतो," काका आईला म्हणाले. "भाकरी थापायचे हात आहेत ते."

संध्याकाळी ती शेडमध्ये एकटी होती. मी गेलो, तेव्हा मान वर न करता तिनं विचारलं, "आवळला नव्हतास?"

"नाही."

"अप्पांना तू सांगतोस का मी सांगू?"

"मी सांगतो. स्वल्प थांब. त्यांचं दुखणं कमी होऊ दे."

"मुलाखतीच्या आत सांग, तम्मा. त्यांना वाटतंय माझ्या हातून झालं. तू सांगितलंस की ते काकांना सांगून मला पाठवतील. बाकी काही मला नको."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेलो, अप्पांच्या उशाशी बसलो, मोसंबं सोललं. ते आढ्याकडे बघत म्हणाले, "तिला सांग, मुलाखतीला जाऊ नको. जिच्या नटाचा भरवसा नाही तिला कोण ठेवून घेईल? तिकडे दुसऱ्याचा जीव जायचा." तिच्यावर चिडण्यापेक्षा ते तिच्यासाठी घाबरले होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी मोसंब्याची फोड त्यांच्यापुढे धरली.

घरी येऊन निरोप तेवढा सांगितला. अक्कानं ऐकून घेतलं. मी काही सांगितलेलं नाही हे तिला निरोपावरूनच कळलं. तिनं मला पुन्हा कधी विचारलं नाही, आणि स्वतःही कोणाला सांगितलं नाही. मुलाखतीचा दिवस गेला. ती त्या दिवशी बाहुल्या कागदात गुंडाळून पेटीत भरत होती. वर्षभरात तिचं लग्न होऊन ती हुबळीला गेली. तिच्या घरात फॅन बंद पडला की दुरुस्तीला माणूस बोलावत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तोपर्यंत तो किस्सा तिच्या सासरीही पोचला होता. ती स्वतःही तो ऐकून हसायची.

अप्पा गेले ते तीच समजूत घेऊन गेले.

अक्का आजारी आहे असं कळल्यावर मी हुबळीला गेलो. गाडीत सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं. दुपारी घरातली माणसं झोपली होती आणि आम्ही दोघं पडवीत होतो. मी म्हणालो, "अक्का, त्या आयुधपूजेचं..."

तिनं थांबवलं नाही. भाच्याच्या मुंजीत आणि लग्नात मी असंच सुरू करू लागलो की ती विषय बदलायची, तसाही बदलला नाही. हात मांडीवर ठेवून, तेव्हा शेडमध्ये बसली होती तशीच ती ऐकायला बसली होती. आणि मी म्हणालो, "त्या आयुधपूजेला तू किती छान बाहुल्या मांडल्या होत्यास."

"हं," ती म्हणाली. मग विचारलं, "परतीची गाडी किती वाजता?"

महिन्याभरात ती गेली. तिच्या मुलांना आणि सुनांना आता हे कळेल. त्यांनी तो किस्सा इथून पुढे माझ्या नावावर सांगावा. आणि पडवीत मला जे बोलायचं होतं ते एवढंच होतं: अक्का, नट मी आवळला नाही. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. तू वाट बघितलीस आणि मी बोललो नाही. मला माफ कर.