पाऊण तासाचं शिक्षण

इंग्लंडमधल्या एका जुन्या विद्यापीठाच्या गावात मी आयुष्यात दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा तिथल्या होडीत बसलो. पहिल्या फेरीच्या जोरावर दोह्यात दहा वर्षं रुबाब केला. दुसऱ्या फेरीबद्दल मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही.

मी दोह्याजवळच्या मेसईदच्या एका खत कारखान्यात मेंटेनन्सला आहे. शिक्षण डिप्लोमा, गावाकडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधला. काम मला चांगलं येतं. पण कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणारे सगळे डिग्रीवाले, आणि नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुमचं कॉलेज कुठलं?" मी हसून दुसरंच काहीतरी बोलायला लागायचो.

कंपनीने एकदा पंपांच्या ट्रेनिंगसाठी मला दोन आठवडे इंग्लंडला पाठवलं. मधल्या रविवारी काही काम नव्हतं. हॉटेलवाल्या बाईंनी सांगितलं म्हणून मी बसने पाऊण तासावरच्या त्या गावात गेलो. तिथे नदी कॉलेजांच्या मागून वाहते. सपाट, बुटक्या होड्या असतात आणि मागे उभा राहिलेला माणूस लांब काठी तळाला रेटत होडी पुढे नेतो. आमचा गाईड उंच, किडकिडीत विद्यार्थी होता. पाऊण तास तो बोलत होता आणि आम्ही दहा-बारा प्रवासी माना वळवून बघत होतो. एका पुलाचे दोन्ही कठडे वेगवेगळे होते, कारण म्हणे दोन कॉलेजांच्या प्राचार्यांचं आपसात पटत नव्हतं. एका भिंतीत, पाण्यापासून हातभर उंचीवर, स्वयंपाकघराची खिडकी होती. रात्री फाटक बंद झाल्यावर उशिरा आलेली मुलं होडीने यायची आणि त्या खिडकीतून आत चढायची. आचारी त्यांना आत घ्यायचा, पण एका अटीवर, सकाळच्या जेवणाचे बटाटे सोलायचे.

मला ती गोष्ट फार आवडली. उतरल्यावर मी गाईडची काठी हातात धरून होडीत उभा राहिलो आणि फोटो काढून घेतला. दुकानातून कॉलेजच्या रंगांचा पट्ट्यापट्ट्यांचा मफलर घेतला. संध्याकाळच्या बसने परत.

दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या आमच्या घरात तो फोटो बाहेरच्या खोलीत लागला. गणपतीला मराठी मंडळी आली होती, त्यातल्या एकाने विचारलं, "अरे वा! तुम्ही तिथे होतात?"

मी म्हटलं, "होतो ना."

शब्दशः खरंच होतं ते. पुढच्या वर्षी कुणीतरी माझी ओळख करून देताना "हे तिथे शिकले" असं म्हणालं आणि मी पापडाचं ताट पुढे केलं. कागदावर मी कधी खोटं लिहिलं नाही. बायोडेटात डिप्लोमाच आहे. याचं मला तेव्हा मोठं समाधान वाटायचं. पण बोलण्यात मी वाहवत गेलो. पुलाच्या कठड्यांची गोष्ट आधी 'तिथे म्हणतात' अशी सांगायचो. खिडकीची गोष्ट मात्र एक दिवस माझ्या तोंडून अशी बाहेर पडली, "आम्ही उशिरा आलो की खिडकीतून चढायचो. मी एकट्याने पोतंभर बटाटे सोललेत." सगळे हसले. नंतर भांडी आवरताना बायको म्हणाली, "बटाटे कधी सोललेत हो तुम्ही? घरी तरी?" मी म्हटलं, गंमत आहे. ती म्हणाली, "त्यांना ती गंमत वाटली नाही. त्यांना ते खरं वाटलं."

आमच्याकडे एकेका व्हिलाचे भाग पाडून घरं केलेली असतात. आमच्या भिंतीपलीकडच्या भागात वसईचं एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. ती इस्पितळात नर्स, तो मेसईदच्या बंदरात, दोघांच्या ड्युट्या उलटसुलट. त्यांना एकच मुलगी. आठवीत असल्यापासून ती माझ्याकडे गणित आणि फिजिक्स शिकायला यायची. मी मराठीत समजावून सांगायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आमचं छान चालायचं. ते शिकवणं खरं होतं, हे मी आजही म्हणेन. पण शिकवणी संपली की ती फोटोखाली उभी राहायची. "काका, टेल द विंडो वन." आणि मी सांगायचो. दर वेळी थोडी भर घालून.

बारावीत तिने त्याच विद्यापीठात इंजिनिअरिंगसाठी अर्ज केला. अर्जाबरोबर स्वतःविषयी एक निबंध लिहायचा होता, तो तिने मला तपासायला पाठवला. त्यात मी होतो. खेड्यातून आलेला, नदीवरच्या खिडकीतून कॉलेजात चढणारा, बटाटे सोलत शिकलेला माणूस. तिला शिकावंसं वाटलं ते त्या माणसामुळे, असं तिने लिहिलं होतं. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. त्यात एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि 'व्हेरी गुड' लिहून परत पाठवला.

डिसेंबरात तिला मुलाखतीचं बोलावणं आलं, तिकडे प्रत्यक्ष. वडिलांना रजा मिळेना म्हणून आई सोबत जाणार होती. नेमक्या त्याच आठवड्यात मला पंपांच्या तपासणीसाठी त्याच भागात जायचं होतं, आणि ही गोष्ट भिंतीपलीकडे पोचायला किती वेळ लागणार? नर्सताई आनंदाने दारात आल्या. "दादा, देवच पावला बघा! तुमचं गाव, तुम्हीच दाखवा आम्हाला."

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "आत्ता जाऊन सांगा. अजून वेळ आहे."

"मुलाखत होऊ दे. पोरीचं मन कशाला बिघडवायचं?"

"पोरीचं की तुमचं?"

मी गेलो.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघं तिथे भेटलो. कडाक्याची थंडी होती. मी गावात फिरवायला लागलो आणि दुसऱ्याच वळणावर रस्ता चुकलो. "खूप बदललंय," मी म्हटलं. नर्सताईंना होडीत बसायचंच होतं. मी थंडीचं कारण सांगितलं, तर तिकीटवाला म्हणाला की गोधडी देतो, गरम पाण्याची पिशवीही देतो. तिकिटंही त्यांनीच काढली, मला काढू दिली नाहीत.

गाईड या वेळी एक साठीच्या बाई होत्या, गाल लालबुंद, आवाज शाळेतल्या बाईंसारखा खणखणीत. होडी निघाली. पहिला पूल आला आणि बाईंनी कठड्यांची गोष्ट सुरू केली. वाक्य न् वाक्य तेच. प्राचार्यांच्या भांडणाचं कारण सांगण्याआधी मी जिथे थांबतो, तिथेच त्या थांबल्या. ते थांबणंही मी त्या किडकिडीत पोराकडून उचललेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. सगळ्या गाईडना हेच पाठ करून घेत असणार.

नर्सताई खूश. "दादा सांगतात तश्शीच!"

मुलगी माझ्यासमोर बसली होती, गोधडी गळ्यापर्यंत ओढून. ती हसली नाही. मी पुढच्या वळणाकडे बघत होतो, कारण त्यानंतर काय येतं ते मला ठाऊक होतं.

बाईंनी काठी रोवून होडी थांबवली. भिंतीत विटांनी बुजवलेला एक चौकोन होता. मुलं, फाटक, आचारी, बटाटे. होडीतले लोक हसले. नर्सताईंना राहवलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या इंग्रजीत म्हणाल्या, "हे पण चढलेत तिथून! हे इथेच शिकले."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या वाईट नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "हो का? पण ही खिडकी तर माझ्या आजोबांच्याही आधी बुजवली. तुम्ही कुठल्या कॉलेजचे?"

सगळी होडी माझ्याकडे बघत होती. तेव्हा मी हसून सांगून टाकलं असतं, मी प्रवासी म्हणून आलो होतो, नंतर थापा मारत गेलो, तर एवढं काहीच झालं नसतं. मी म्हटलं, "दुसरी होती. त्या बाजूला. आता नाहीये ती."

बाईंनी मान डोलावली आणि काठी उचलली. उरलेली वीस मिनिटं मी पाण्याकडे बघत राहिलो. मुलीकडे एकदाच नजर गेली. ती माझ्याकडेच बघत होती. रागावून नाही. चुकलेल्या गणितात नेमकी कुठली पायरी चुकली ते शोधताना बघायची, तशी.

उतरल्यावर नर्सताई नवऱ्यासाठी टोपी बघायला दुकानात शिरल्या. मुलगी आणि मी बाहेर.

"काका," ती म्हणाली, आणि पुढचं तिने मराठीत विचारलं. मराठीत ती एवढं लांब कधीच बोलायची नाही. "तुम्ही इथे शिकलात का? हो की नाही, एवढंच सांगा. मला उद्या विचारलं तर मी काय सांगू?"

"नाही," मी म्हटलं. "एक दिवस आलो होतो. याच होडीत बसलो होतो."

तिने दुकानाच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "ओके." मी सॉरी म्हणायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "आईला इतक्यात सांगू नकोस हं. मुलाखत होऊ दे." सतरा वर्षांच्या पोरीला मी हे सांगितलं. तिने मान हलवली, तेवढ्यात टोपी घेऊन नर्सताई बाहेर आल्या.

मुलाखत कशी झाली ते तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोह्यात परतल्यावर शिकवणी आपोआप बंद पडली. परीक्षा जवळ आली म्हणून ती घरीच अभ्यास करते, असं तिची आई म्हणायची. जानेवारीत उत्तर आलं. प्रवेश मिळाला नव्हता.

त्यानंतरच्या शुक्रवारी, इथे सुट्टीचा आणि चर्चचाही वार तोच, चर्चमधून परतताना नर्सताई आमच्याकडे आल्या. वसईहून कुणीतरी सुकेळी, म्हणजे तिकडची वाळवलेली केळी, आणली होती, त्यातली एक जुडी माझ्यासाठी. बसल्या, पाणी प्यायल्या, मग संकोचून म्हणाल्या, "दादा, तुम्ही एखादी मेल टाकाल का? तुमच्या वेळचे कुणी सर असतील. एकदा परत बघा म्हणावं. पोरगी हुशार आहे, हे तुम्हाला तर माहीत आहे."

आतल्या दारात बायको उभी होती.

मी म्हटलं, "ताई, माझ्या ओळखीचं तिथे कुणी नाही. मी तिथे शिकलेलो नाही."

त्यांना आधी कळलंच नाही. त्यांना वाटलं, मी टाळतोय. मग मी सगळं सांगितलं, रविवार, होडी, फोटो, मफलर. बोलायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"मग ते बटाटे?"

"गाईडने सांगितलेली गोष्ट."

त्या क्षणभर हसतील असं वाटलं. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "तिला माहीत होतं?"

"होडीत कळलं तिला. नंतर तिने मला विचारलंही."

"आणि मला का नाही बोलली ती?"

हे उत्तर गाळायचं माझ्या मनात आलं होतं. पण बायको बघत होती. "मीच सांगितलं होतं, बोलू नकोस म्हणून."

नर्सताईंचा चेहरा मी विसरू शकत नाही. फोटोचं, बटाट्यांचं त्यांनी मनावर घेतलं नसतं, असं मला आजही वाटतं. त्या उठल्या. "उद्या मुलाखत असलेल्या माझ्या पोरीला तुम्ही हे ओझं दिलंत, दादा? आणि वर गप्प बस म्हणालात? मी तिच्या शेजारी झोपले होते त्या रात्री. ती जागी होती. मला वाटलं, थंडी वाजतेय."

आणि त्या निघून गेल्या. सुकेळी टेबलावरच राहिली. ती खायची की परत द्यायची, हे आम्हा दोघांनाही ठरवता येईना.

त्यांनी गावभर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. बसमध्ये, गणपतीत लोक अजून मला 'तिथले' म्हणत होते. शेवटी मी स्वतःच एकेकाला सांगायला सुरुवात केली. कुणी हसलं, कुणी 'सोडा हो' म्हणालं, एक-दोघांनी बोलणं कमी केलं. उन्हाळ्यात वसईच्या कुटुंबाला मेसईदला कंपनीचं घर मिळालं आणि ते निघून गेले. सामान चढवताना मी मदतीला गेलो. नवऱ्याने एका खोक्याचं दुसरं टोक माझ्याकडे दिलं. नर्सताई आत होत्या, त्या बाहेर आल्या नाहीत.

मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. पुढच्या सुट्टीत ती एका मॉलमध्ये अचानक समोर आली. मी जे दीड वर्ष घोकत होतो ते म्हटलं. "माझं चुकलं गं. निबंध वाचला तेव्हाच तुला सांगायला हवं होतं."

"मी सांगितलं त्यांना," ती म्हणाली.

"कुणाला?"

"इंटरव्ह्यूमध्ये. बसल्या बसल्या. निबंधातली ती गोष्ट खरी नाही, मला काल कळलं, असं. त्यांना हसू आलं. एक सर म्हणाले, होडीत बसलेला प्रत्येक जण ती सांगतो. देन दे स्टार्टेड मॅथ्स."

मी विचारलं, "त्यामुळे तर नाही ना गेली ॲडमिशन?"

"नाही काका. दोन गणितं आलीच नाहीत मला."

ती खरं सांगत होती की मला सोडवत होती, हे मला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. कुठली गणितं, तेवढं विचारलं. तिला एक आठवत होतं. मॉलमधल्या चहाच्या दुकानात बसून तिने ते कागदी रुमालावर लिहिलं, आणि आम्ही दोघं अर्धा तास त्याच्याशी झटत राहिलो. मलाही ते सुटलं नाही. "नाही येत मला," मी म्हटलं. ती म्हणाली, "इट्स ओके," आणि आई गाडीत वाट बघतेय म्हणून उठली.

मी गाडीपर्यंत गेलो नाही.