जावेची कॅसेट

आळ्याजवळच्या शेतकी शाळेत मी झाडलोट करायचे. तिथल्या एका खोलीत रेडिओवरचे शेतीचे कार्यक्रम कॅसेटवर भरून ठेवत, मुलांना शिकवायला. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर मांडायचा आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. खोकायचं नाही, बांगडी वाजवायची नाही. शिकवणारे सर घाईत असले की बटणं मीच दाबायची. चौथी शिकलेल्या बाईला तेवढं जमतं.

सरांचा नियम होता. जपायची कॅसेट असली की तिच्या मागच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे कान मोडायचे, मग तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. ते काम माझ्याकडं. मला पटत नसे. करकरीत नव्या वस्तूला आपल्याच हातानं खोट पाडायची? मी "मोडले" म्हणायचे आणि तशीच ठेवून द्यायचे.

आमचं घर बोरी बुद्रुकला. माझी थोरली जाऊ कांदा साठवायची बराखी अशी लावायची, की पावसाळ्यात लोकांचा कांदा सडला तरी तिचा खडखडीत राही. रेडिओवाले येऊन तिचं बोलणं घेऊन गेले. ते लागलं त्या दिवशी ती घरच्यांसकट पारगावला लग्नात होती. मी इकडं कॅसेट भरली. जावेला म्हटलं, सावकाश ऐकवते.

पुढच्या हंगामात सर स्वतः रेडिओवर बोलले. विषय बराखी. शब्दसुद्धा जावेचेच. मी कॅसेट मागितली तर म्हणाले, "सापडत नाही." कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात असे. मी काय ते समजले. नोकरी होती तोवर कामापुरतं बोलले, नंतर ते रस्त्यात दिसले तरी मान वळवली.

जावेचं मात्र हसं झालं. ती रेडिओवर बोलली, हे घरात कुणालाच खरं वाटेना. नातसून तर पाहुण्यांसमोर म्हणायची, "आमच्या आजी रेडिओष्टार हायेत."

यंदा शाळेनं त्या कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये भरायला काढल्या. पुण्याहून एक बाई आली. जुने आवाज ओळखायला तिनं मला बोलावलं. मी जावेला बरोबर नेलं. ही बाईही सरांनीच धाडलेली नसेल कशावरून? मी तिच्या हातांवर नजर ठेवून बसले.

चौथ्या की पाचव्या कॅसेटला जाऊ ताठ झाली. "कांदा निजवायचा न्हाई, टेकवायचा. निजला की सडला." तिचाच आवाज, तरुण.

मग खट् झालं. बाजारभाव सुरू झाले. भेंडी, गवार, टोमॅटो. आणि त्यांच्या मागं खराट्याची खरखर, वर एक बाई कुणाला तरी ओरडतेय, "सर गेलं घरी, आता ठेव च्या!"

पुण्याच्या बाईनं कॅसेट काढून उलटी केली. "कान शाबूत आहेत. कुणीतरी चुकून वरून भरलंय."

"कुणीतरी कशाला?" जाऊ म्हणाली. "ह्यो आवाज मी जल्मभर ऐकतीय."

कॅसेटवर चिठ्ठी होती, 'बाजारभाव'. अक्षर माझं. सरांना बराखीची कॅसेट सापडणार तरी कशी? शब्द त्यांनी उचलले, हे माझं म्हणणं आजही आहे. पण कॅसेट मी पुसली.

"पहिला आवाज कुणाचा लिहू?" बाईनं विचारलं. मी जावेचं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि तिनं बरोबर लिहिलंय का ते वाकून वाचलं.

"आन् खराटा कुणाचा, त्ये बी लिवा," जाऊ म्हणाली. बाईनं तेही लिहिलं.

बाईनं ती दोन वाक्यं जावेच्या मोबाइलवर दिली. घरी जाऊन जावेनं सगळ्यांना बसवलं, मलाही उठू दिलं नाही. नातसुनेनं मोबाइल कानाला लावला. ऐकून झाल्यावरही तो तसाच धरून ठेवला.

"आजी, एवढंच?"

"व्हय, एवढंच," जाऊ म्हणाली. "बाकीचं तुझ्या धाकट्या आजीनं झाडून काढलं."