चिकन प्लाझापासून वरसे प्लाझापर्यंत

बोर्डांच्या धंद्यात किस्से आपोआप साठतात. पेणला रामवाडीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. माझे बरेच किस्से एकाच शब्दाचे, आणि सांगताना आता माझीच मान खाली जाते.

'प्लाझा' हा शब्द मी हायवेच्या टोलनाक्यावर उचलला. भारदस्त वाटला! एका बिल्डरच्या चार गाळ्यांना चिकटवला आणि डिझाइन सेव्ह करून ठेवलं. मग काय, नाव सुचलं नाही की 'प्लाझा'च्या आधीचा शब्द बदलायचा!

*

मूर्ती प्लाझा झाला, सलून प्लाझा झाला. चिकनवाल्या अस्लमने विचारलं, "शेठ, मतलब काय?"

मी ठोकून दिलं, "मोठ्ठं दुकान!"

बोर्ड टपरीपेक्षा लांब निघाला. बिचाऱ्याने बोर्डासाठी टपरी वाढवली!

*

जवळच्या कासू गावातल्या एकाचं तिरडीच्या सामानाचं दुकान. सवयीने छापलं, 'अंतिम प्लाझा'.

तो शांतपणे म्हणाला, "शेठ, लोक रडत येतात वो माझ्याकडं."

गुपचूप दुसरा बोर्ड करून दिला.

*

भाची पुण्यात स्पॅनिश शिकते. गणपतीत आली आणि बोर्डांचे फोटो बघून हसत सुटली. "मामा, स्पॅनिशमध्ये प्लाझा म्हणजे गावातली मोकळी जागा. कुणीही यावं, बसावं!"

मीही हसलो, पण कान तापले. आदल्याच दिवशी रोह्याजवळच्या वरसे गावासाठी 'वरसे प्लाझा'चा बोर्ड छापून झाला होता. माझी सासुरवाडी तिथलीच. तिथल्या मैदानात आदिवासी वाडीवरची पारूबाई रानभाज्या घेऊन बसायची. माझ्या लग्नाआधीपासून बसायची. आता ते मैदान बिल्डिंगसाठी एका बिल्डरला विकलं गेलं होतं. बिल्डरला 'नाव बदलू या' म्हणायचा धीर काही मला झाला नाही.

*

बोर्ड लावायला मीच गेलो. मैदानाभोवतीच्या पत्र्याच्या कुंपणावर चढवला: 'वरसे प्लाझा. आत येण्यास सक्त मनाई.'

खाली उतरलो तर पारूबाई टोपली घेऊन उभी.

"काय लिवलंय, भाऊ?"

"बिल्डिंगचं नाव," मी म्हणालो. दुसरी ओळ वाचवेना.

"तुमीच केलाव? झ्याक हाय!" तिने माझ्या हातात ओंजळभर कंटोळी ठेवली. मी खिशात हात घातला तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मला पन एक बोर्ड द्या ना, लहानसा. लिवा, पारू आता मागं गटाराजवल बसते. गिऱ्हाईकं हितवर येतान नि परत जातान."