एकशे ऐंशी ग्रेन

तिसऱ्या प्रकारच्या काडतुसाची पहिली गोळी कागदावर भलतीकडेच लागली, आणि मी खूश झालो. दुसरी तिच्या शेजारी. तिसरीही तिथेच. स्कोपला, म्हणजे रायफलवरच्या नेमाच्या दुर्बिणीला, मी हात लावलेला नव्हता. रायफल तीच, अंतर तेच शंभर मीटर, नेम धरणाराही मीच. फक्त काडतूस बदललं होतं, आणि गोळ्या चार बोटं खाली, दोन बोटं डावीकडे सरकल्या होत्या.

ओमानमधल्या सोहारपासून अर्ध्या तासावर डोंगराच्या पायथ्याशी नेमबाजीची परवान्याची रेंज आहे. तिथे मी खल्फान यांची नवी रायफल घेऊन गेलो होतो. मी मूळचा आर्मीतला आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. गाव गुहागरकडचं. रिटायर झाल्यावर सोहारला शिकारीच्या आणि कॅम्पिंगच्या सामानाच्या दुकानात लागलो, त्याला बारा वर्षं झाली. मी फारसा बोलत नाही. ही गोष्ट तर घरीही सांगितलेली नाही.

खल्फान सत्तरीचे. जवळच्या सहम गावाच्या आतल्या बाजूला त्यांची खजुराची बाग. लहानपण टांझानियात गेलेलं, मामेभाऊ अजून तिथेच. ओमानमध्ये शिकारीला बंदी आहे, म्हणून ते वीस वर्षांनी तिकडे परमिटवर शिकारीला निघाले होते. ते मला ‘फुंदी’ म्हणत. तिकडच्या भाषेत फुंदी म्हणजे कारागीर. इथे आम्हा सगळ्यांना ‘रफीक’ म्हणतात. अर्थ मित्र, पण मैत्री असतेच असं नाही. फुंदी म्हणणारा माणूस एकच.

आमचं बोलणं हिंदीत चालायचं. इथे मराठीत लिहितो.

“फुंदी, रायफल तर घेतली. आता हिला खायला काय घालू?”

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. नळीवर एक नंबर कोरलेला असतो, त्याच नंबरचं काडतूस चालतं. लोकांना वाटतं, संपलं. पण एकाच नंबरात हलकी-जड गोळी मिळते. वजन ग्रेनमध्ये मोजतात, पंधरा ग्रेन म्हणजे साधारण एक ग्रॅम. टेबलाच्या कडेला पट्टी दाबून टोकाला टिचकी मारली की ती थरथरते ना, तशीच गोळी सुटताना नळी थरथरते. वजन बदललं की थरथर बदलते आणि गोळी दुसरीकडे जाते. कुठल्या नळीला कुठलं वजन मानवेल, हे कॅटलॉग बघून सांगता येत नाही. मारून बघावं लागतं.

खल्फान यांच्या रायफलला एकशे पन्नास ग्रेन मानवली. तिन्ही भोकं पन्नास बैशांच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ. एकशे पासष्ट विखुरली. एकशे ऐंशी खाली-डावीकडे गेली, पण तीही एकत्र. मी एकशे पन्नासवर स्कोप सेट केला, म्हणजे त्या वजनाची गोळी बरोबर मध्यावर लागेल असा. काम झालं. तिथेच रायफल केसमध्ये घालायला हवी होती.

मी घातली नाही. इतकी चांगली नळी बऱ्याच वर्षांनी हातात आली होती. म्हटलं, गार नळी आणि तापलेली नळी यात किती फरक पडतो बघू. मग तेल पुसून आणि न पुसता. मग दोनशे मीटरवर. वहीत आकृत्या काढत बसलो. आर्मीत असताना असं कुणी करू देत नसे. एकशे पन्नासची आमच्याकडे तीनच बॉक्स होती, साठ काडतुसं. मान वर केली तेव्हा सात उरली होती.

नवा माल यायचा तर परवानगीलाच दीड महिना. खल्फान यांचं विमान दोन दिवसांवर.

उपाय होता. सकाळी पुन्हा रेंजवर जाऊन एकशे ऐंशीवर स्कोप सेट करायचा, तासाभराचं काम. पण पुन्हा का जायचं, हे अर्बाबला सांगावं लागलं असतं. आमचे अर्बाब, म्हणजे दुकानाचे मालक, स्वभावाने बरे, पण त्यांनी पहिलं विचारलं असतं की इतकी काडतुसं गेली कुठे. पुढच्या महिन्यात माझं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमतं.

खल्फान रायफल न्यायला आले. मी एकशे ऐंशीची दोन बॉक्स काउंटरवर ठेवली. कंपनी तीच, लाल रंग तोच, वजन कोपऱ्यात बारीक इंग्रजी आकड्यांत. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

“हीच ना, फुंदी?”

“नंबर तोच आहे,” मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. तेवढ्यावर मी बरेच दिवस काढले.

महिन्याभराने ते परत आले आणि रायफल काउंटरवर ठेवली. म्हणाले, कुणा तरुणाला विकून टाक. दोनशे पावलांवर हरीण उभं होतं. त्यांनी नेम धरला, गोळी खाली लागली, पुढचा पाय मोडला. हरीण झाडीत शिरलं. संध्याकाळपर्यंत रक्ताच्या मागावर फिरले, सापडलं नाही. तिथल्या गाइडने आधी कागदावर दोन गोळ्या मारून बघा म्हटलं होतं. यांनी नको म्हटलं होतं. “मी त्याला सांगितलं, आमच्या फुंदीने सेट केलीय.”

मामेभावांसमोर काही बोलले नाहीत. आता मात्र उजवा हात पुढे धरून बघत म्हणाले, “हात गेला. खलास.”

हात जराही हलत नव्हता. मी पावती लिहून दिली.

रायफल आठ महिने रॅकवर होती. दर शनिवारी मी तिला तेल लावायचो. कुणी भाव विचारला की मीच काहीतरी खोट काढून दुसरी दाखवायचो. का, ते तेव्हा स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. मग एक दिवस अर्बाब सहज बोलले, की ईदला गावात नेमबाजी झाली, तिथे खल्फान पहिल्यांदाच नुसते खुर्चीवर बसून होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आले म्हणे. डॉक्टरला काही सापडलं नाही.

त्याच दुपारी मी अर्बाबला सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “मला काय सांगतोस? त्यांना सांग. यल्ला, नीघ.” एवढंच.

मी फोन करून खल्फान यांना रेंजवर बोलावलं. स्कोप होता तसाच होता, एकशे पन्नासवर. आधी एकशे पन्नासची तीन काडतुसं हातात दिली. ते घेईनात. एकदाच, म्हणून विनवलं. त्यांनी तिन्ही मारली. मी दुर्बीण त्यांच्यापुढे केली. तीन भोकं, मध्यावर. मग एकशे ऐंशीची तीन दिली. चार बोटं खाली, दोन बोटं डावीकडे.

त्यांनी दुर्बीण बाजूला केली.

“त्या दिवशी कुठली दिलीस?”

मी एकशे ऐंशीच्या बॉक्सवर बोट ठेवलं.

“माहीत होतं?”

“हो.”

“आणि मी हात गेला म्हणालो, तेव्हा?”

“तेव्हाही.”

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रिकामी काडतुसं उचलली, तीन-तीन वेगळी केली आणि विचारलं, इतका फरक कशाने पडतो. मी पट्टीचं उदाहरण दिलं. त्यांनी नीट ऐकलं, मध्येच दोन प्रश्नही विचारले. उठताना म्हणाले, “मला तू सांगितलंस. त्या जनावराला कोण सांगणार?”

रायफल त्यांनी परत नेली. पुढच्या ईदला गावात नेम मारला, असं ऐकलं. माझं काँट्रॅक्ट पुढच्या वेळीही रिन्यू झालं. मी आता प्रत्येक रायफलसोबत एक कार्ड देतो. कोणत्या वजनावर सेट केलीय ते अरबीत, मोठ्या अक्षरात. कुणी नेम चुकतोय म्हणत आलं, तर आधी बॉक्स मागतो. हाताचं नंतर बघतो.

खल्फान वर्षातून दोनदा काडतुसं घ्यायला येतात. खिशातून ते कार्ड काढतात. बॉक्सवरचे इंग्रजी आकडे आता शिकलेत. कार्ड बॉक्सच्या कोपऱ्याला लावून, एकेक आकड्यावर बोट ठेवून स्वतः जुळवतात. मला विचारत नाहीत. मग मान हलवतात.

“शुक्रन, रफीक.”