दादाची वरची रेघ

लखमा गाडीवान मोखाड्याला आमच्या ओटीवर आला, पण टेकला नाही. "बाय, दादा गेला. तुला नेवाला आलूं," एवढंच म्हणाला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जव्हारचा सागाचा व्यापारी. महिना होऊन गेला. येणारा-जाणारा म्हणतो, देवमाणूस होता हो! असेल. मला मात्र अजून त्याचा राग येतो, आणि रागापाठोपाठ रडू येतं...

लाकडाचा धंदा बरा चालला होता. मुंबईच्या एका गिरणीचे शेअर घेतले आणि दादाचं चित्त उडालं. दलालाचं कार्ड टपालाने यायचं. त्यातला भाव तो माजघराच्या भिंतीवर कोळशाच्या ठिपक्याने मांडायचा. मग सुतारासारखी दोरी गेरूत बुडवून ताणायची आणि झटका द्यायचा. एक रेघ खालच्या ठिपक्यांना टेकून, दुसरी तिच्याच चालीने वरच्या ठिपक्यांना. "भाव या दोन काठांतून वाहतो, गोदे," तो सांगे. "खालच्या रेघेला घ्यायचं, वरच्या रेघेला विकायचं. मधे हात लावायचा नाही." दोनदा त्याने असा नफा काढलाही. मग काय, स्वारी हवेत!

त्या वर्षी चैत्रात वहिनीचा ताप हटेना. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्याआधी हिला देशावर कोरड्या हवेत न्या, इथली ओल हिला सोसायची नाही. नाशिकला बिऱ्हाड करायचं, तर होता नव्हता तो पैसा शेअरमध्ये. "वरची रेघ लागली की विकतो. वीतभर तर राहिलंय," दादा म्हणाला. वहिनी अंथरुणातून हसली. "माझा तापही मांडा की भिंतीवर. किती चढला म्हणजे न्याल?" दादाही हसला. मला काही हसू आलं नाही.

वैशाख निम्मा सरला तेव्हा मी पुन्हा गेले. भाव चढला होता, तरी अंतर वीतभरच! भिंतीजवळ जाऊन नीट बघितलं. रेघ तिरपी होती. भाव चढे, तशी तीही पुढे पुढे वर जाई. "अरे दादा, ही तुझ्यापुढे पळतेय! चैत्रात जिथे विकणार होतास, त्याच्या वर आलाय भाव. आज वीक, आणि हिला घेऊन जा."

"तुला यातलं काय कळतं? नियम मोडला की माणूस बुडतो." भिंतीवरची नजर त्याने काढली नाही.

पुढल्या कार्डात भाव घसरला, त्यापुढल्यात खालच्या रेघेच्याही खाली गेला. विका म्हणून कळवलं, तोवर घेणारा उरला नव्हता. दादाने दोन रेघांमधलं अंतर दोरीने मोजलं, खालच्या रेघेपासून तेवढंच खाली मोजून खूण केली. "इथवर येणार." भर पावसात टपाल आलं. भाव खुणेवरच. "बघ, तंतोतंत!" तो ओरडला... आणि आतून वहिनीला ढास लागलेली ऐकू आली, तसं त्याने कार्ड उलटं करून ठेवलं. श्रावणात वहिनी गेली.

शेवटच्या भेटीत तो त्याच माजघरात निजला होता, भिंतीकडे पाठ करून. "गोदे, त्या दिवशी तू आणखी भांडली का नाहीस?"

"भांडले रे. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस."

मग तो बघत राहिला माझ्याकडे. मलाच ते सोसेना.

आता भाचा विचारतो, आत्या, भिंतीला चुना देऊ का? दे म्हटलं. पण मी जव्हारात असेन तेव्हा नको.