उभं किती?

"आधी बसा, मग बोला."

मामांचं पहिलं वाक्य हे. समोर उशिरा आलेला हेल्पर असो, पंचिंग कार्ड हरवलेला वेल्डर असो, नाहीतर खुद्द फॅक्टरी मॅनेजर असो. एकदा तर मी त्यांना टेलिफोनवरही हेच म्हणताना ऐकलंय. पलीकडून मामी म्हैस व्यायल्याची बातमी सांगत होत्या आणि इकडून मामा म्हणत होते, "आगं, आधी खाली बस तर!"

मी तेव्हा रांजणगावच्या एका कंपनीत टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी खात्यात, क्लार्क होतो आणि मामा त्याच ऑफिसात मदतनीस. वयानं माझ्या वडिलांएवढे, म्हणून सगळ्यांचे मामा. शिरूरहून कामगार आणणाऱ्या बसेस त्यांच्या ताब्यात होत्या. बसच्या ठेकेदाराचं म्हणणं, पन्नास सीटच्या बसमध्ये सत्तर माणसं सहज मावतात. मामांचं म्हणणं, मावतात, पण बसत नाहीत. सगळे बसल्याशिवाय ते बस हलू देत नसत. बिहारकडची पोरं वैतागून म्हणायची, "मामा, खडे खडे चलेंगे ना, आधा घंटा तो है!"

"खडा नै रैनेका! बैठनेका!" असं म्हणत मामा इंजिनाच्या झाकणावर पोतं अंथरायचे, मधल्या वाटेत पालथे क्रेट मांडायचे आणि एकेकाला खांद्याला धरून खाली दाबायचे. स्वतः मात्र दाराचा दांडा धरून उभे. याबद्दल टोकलं की हसायचे. "आमाला सवय हाय. मेंढरांमागं बसतंय कोन? काठीला हनुवटी टेकली की झाली आमची खुर्ची."

मामा यवतजवळच्या एका गावचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरले, मामांच्या वेळेपर्यंत घर एका जागी टिकलं, थोडी बागायत झाली. मामा शिरूरला खोली करून राहायचे. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून बुधवारी पहिली शिफ्ट सुटली की घराकडे निघायचे. न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी एसटी यायला तासभर असायचा. तो तास कुठं बसून काढायचा, हा मामांपुढचा आठवड्याचा मोठा प्रश्न. स्टँडवरचे बाक कायम भरलेले. मग त्यांना स्टँडसमोरच्या नेट कॅफेचा शोध लागला. तिथं पंखा होता आणि गादीच्या खुर्च्या होत्या.

आणि तिथंच मी होतो. तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात नेट कॅफेत तासाचे वीस रुपये घालवलेत त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीची पोरं चॅटिंग करायची, मी क्रिकेटचा क्लब चालवायचो. म्हणजे खेळच तो, इंटरनेटवरचा. बॅट हातात घ्यायची नाही, फक्त क्लब सांभाळायचा. खेळाडू विकत घ्यायचे, त्यांचे पगार द्यायचे आणि घरच्या मैदानावर सामना असला की तिकिटांचं उत्पन्न मोजायचं. सामना कॉम्प्युटर स्वतःच खेळवायचा आणि शनिवारी निकाल द्यायचा. माझ्या क्लबचं नाव होतं घोडनदी इलेव्हन. आमच्या गटात इंग्लंडचे, ऑस्ट्रेलियाचे लोक होते आणि आम्ही तळाशी होतो.

मामांनी माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावून विचारलं, "ह्ये काय हाय?"

"मैदान आहे, मामा. आपलं."

"आपलं? मंग बसायला कुटं हाय?"

दुसऱ्या कोणी आधी विचारलं असतं, बॅट्समन कोण आहे. मी त्यांना दाखवलं. तीन प्रकारच्या जागा असतात. उभं राहायची जागा, तिकीट सगळ्यात स्वस्त. मग साध्या खुर्च्या. मग छपराखालच्या खुर्च्या, त्या महाग. मी हौसेनं छपराखाली चार हजार खुर्च्या टाकल्या होत्या, त्यातल्या तीन हजार दर सामन्याला रिकाम्या राहायच्या आणि त्यांच्या देखभालीचा खर्च तेवढा दर आठवड्याला कापून जायचा. मामांनी आकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"सायेब, मेंढरं किती हायती त्ये बघून वाघर लावायची आसती. मोकळी वाघर नुसती खांद्यावर वागवायची."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. मी म्हटलं, बघू या. त्यांनी सांगितलं तशा छपराखालच्या खुर्च्या कमी केल्या, साध्या वाढवल्या, तिकीट थोडं उतरवलं. महिन्याभरात उत्पन्न दीडपट झालं. त्या पैशात एक बरा बोलर घेतला आणि त्या वर्षी आम्ही वरच्या गटात गेलो. लिव्हरपूलकडच्या एका माणसानं मला मेसेज पाठवून विचारलं की तुमचा स्टेडियमचा सल्लागार कोण. सल्लागार शेजारी बसून बिस्किट चहात बुडवत होते.

मग काय, मैदानाचं खातं मामांकडे आणि टीमचं माझ्याकडे. मी त्यांना पासवर्डही दिला. 'वाघर' हाच शब्द, इंग्रजी अक्षरांत. मामा एका बोटानं, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप करायचे. "डब्लू... ये... कुटं गेलं ये... हां." त्यामुळे आमचा पासवर्ड सगळ्या नेट कॅफेला पाठ होता. कोण कधी जिंकलं, कोण हरलं हे मात्र मामा चुकूनही विचारत नसत.

त्याच सुमारास बहिणीच्या लग्नासाठी मी पंधरा दिवस तळेगाव ढमढेऱ्याला गेलो. परत येऊन खेळ उघडला आणि माझे डोळे पांढरे झाले. उभं राहायच्या जागा, शून्य! सहा हजार जागा मामांनी पाडून टाकल्या होत्या आणि तिथं खुर्च्या बांधल्या होत्या. तीन माणसं उभी राहतात तिथं एक खुर्ची बसते, म्हणून खुर्च्या झाल्या दोन हजार. वर त्यांचं तिकीटही उभ्याच्याच दराचं ठेवलं होतं. बांधकामात शिल्लक संपली, तिकिटांचं उत्पन्न कोसळलं आणि पानाच्या माथ्यावर लाल अक्षरांत सूचना आली, पाच आठवड्यांत खातं सावरलं नाही तर क्लब बंद होईल.

मला इतका राग आला की विचारायला मी मामांकडे गेलोसुद्धा नाही. चांगला बोलर विकला, त्या खुर्च्या उपटल्या, उभ्या जागा परत बांधल्या. आणि पासवर्ड बदलला. हे शेवटचं लिहिताना आजही मला लाज वाटते.

बुधवारी मामांनी तीनदा मोठ्यानं अक्षरं म्हटली, तीनदा पान उघडलं नाही, सगळा कॅफे हसला. शुक्रवारी ऑफिसात ते माझ्या टेबलापाशी आले.

"वाघरीला नवी गाठ मारली व्हय, सायेब?"

"मामा, क्लब बुडत होता. उभ्या जागा परत केल्यात मी. लोक उभे राहूनच बघतात, स्वस्त पडतं त्यांना."

त्या दिवशी प्रथमच मामा समोरच्या खुर्चीवर बसले. म्हणाले, "म्या ल्हान व्हतो तवाची गोष्ट हाय. जत्रंत कुस्त्याचा फड. आमी मेंढरं कोंडून जाईस्तवर म्होरल्या समद्या जागा भरलेल्या. आमी कायम मागं, उभं. बानं मला खांद्यावर घेतलं. म्या वरनं बगायचो आन् त्येला सांगायचो, आता ह्यानं पट काढला, आता त्यो खाली ग्येला. समद्या कुस्त्या तशाच. बाला एकबी दिसली न्हाई. वाटंनं जाताना मला म्हनला, झ्याक झाली रं कुस्ती." मामा खुर्चीत पुढं सरकले. "तुमी मैदान आपलं म्हनलात. म्हनलं, आपल्या मैदानात तरी बा मागं उभा नगं. बाकी मला त्यातलं काय कळतंय?"

मी घाईघाईनं चिठ्ठीवर नवा पासवर्ड लिहून दिला. त्यांनी तो घेतला नाही. "नगं. तुमी सांबाळा. माझ्या हातनं मोडंल ते." आणि दुसऱ्या शिफ्टची बस लागली म्हणून उठून गेले.

रुसवा धरणारा माणूस नव्हे तो. क्लब वाचला. बुधवारी मामा पुन्हा शेजारच्या खुर्चीवर येऊन बसू लागले, चहा सांगू लागले. तिकिटांचे दर अजूनही तेच ठरवायचे आणि त्यांचा अंदाज शंभर माणसांच्या आत-बाहेर असायचा. फक्त दर सामन्यानंतर एक प्रश्न वाढला.

"उभं किती?"

मी सांगायचो, पाच हजार आठशे. मामा मान हलवायचे आणि एसटी बघायला उठायचे. मला तो आकडा सांगताना दरवेळी कसंतरीच व्हायचं.

मामा रिटायर झाले, गावी गेले. तिकडे नेट कॅफे नव्हता, पण तोवर मोबाइल आले होते. सामना घरच्या मैदानावर असला की रविवारी मी फोन करायचो, पुढचा दर विचारायचो. प्रश्न तोच, उत्तर जवळपास तेच. मागून मेंढरांचा आवाज यायचा. मामांनी पुन्हा वीसेक मेंढरं घेतली होती. म्हणायचे, "पाय गप बसू देत न्हाईत."

मग एके दिवशी खेळ चालवणाऱ्यांनी कळवलं की तीन महिन्यांनी खेळच बंद होणार. ज्याला त्याला हळहळ वाटली, मलाही वाटली. पण दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, आता क्लब बुडाला काय आणि तरला काय! मी होते नव्हते ते चांगले खेळाडू विकले. उभ्या जागा सगळ्या पाडल्या. खुर्च्या बांधल्या, आणि पैसे उरले तेव्हा त्यांतल्या निम्म्यांवर छप्पर घातलं. तिकीट ठेवलं उभ्याच्या दराचं. खातं लालेलाल झालं. शेवटच्या सामन्याला एकही जागा रिकामी राहिली नाही.

रविवारी फोन लावला. मामा शेतात होते, वाऱ्याचा आवाज येत होता.

"आलं किती?" त्यांनी विचारलं.

"नऊ हजार दोनशे."

"आन् उभं किती?"

"एकबी न्हाई, मामा. समदी बसल्याली."

मग मामांनी नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्यांनी इतक्या वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न विचारला.

"मंग सामना कुनी जितला?"

"हरलो, मामा. चांगले खेळाडू सगळे विकले होते ना."

"आसूंद्या," मामा म्हणाले. "कसं हरलो त्ये सांगा. पैल्यापासनं सांगा."

मी निकालाचं पान वर सरकवलं आणि पहिल्या चेंडूपासून सांगायला लागलो.