सोमवारचं इंजेक्शन
स्पिरिटचा वास आला की मला आईच्या खोलीतले सोमवार आठवतात. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन नीट झालं होतं, पण तिच्या पायांत जोर नव्हता. स्नायू भरावेत म्हणून डॉक्टरांनी दर आठवड्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन सांगितलं. फायदा होईलच असं नाही, हेही सांगितलं. ते द्यायला एक कंपाउंडर घरी यायचे. मी ऑफिसच्या घाईत असायची आणि आई वेणी घालून, पावडर लावून त्यांची वाट बघत बसलेली. त्यांच्यासाठी पोहे झाकून ठेवायला लावायची, सेव मऊ पडू नये म्हणून वेगळी. "माताजी, आप तो अब दौड़ने वाली हो," ते म्हणायचे आणि ती खूश व्हायची. एका सोमवारी बेल वाजली, तर मी पोचायच्या आत तिने वॉकर धरून जाऊन स्वतः दार उघडलं. "देखो भिया," ती आमच्या गावच्या हिंदी-मराठीत त्यांना म्हणाली, "ही तुमची कमाल." त्यांनी तिला खोलीभर चालवून पाहिलं, तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि म्हणाले, "बस माताजी, अब सुई की छुट्टी." मला हायसं वाटलं. ते गेल्यावर आई म्हणाली, "पाय अजून दुखतोय गं, सांग ना त्यांना." पुढच्या सोमवारी तिने वेणी घातली नाही. आता आई नाही. परवा तपासणीसाठी माझं रक्त घ्यायला लॅबची मुलगी येणार होती, म्हणून मी पोहे झाकून ठेवले, सेव वेगळी. तिला पुढच्या घरी जायची घाई होती.